दंतवैद्यकाच्या पदवीनंतर जैवपुरातत्त्वशास्त्र : पुण्यात शिकावे की परदेशात?

दंतकथा

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील आहे. गेल्या वर्षी बी.डी.एस. आणि त्यानंतरची इंटर्नशिप पूर्ण करून सध्या तालुक्याच्या गावी एका ज्येष्ठ दंतवैद्यांच्या दवाखान्यात काम करते. मी एम.डी.एस.ची प्रवेशपरीक्षा द्यावी किंवा स्वतःचा दवाखाना थाटावा अशी घरच्यांची अपेक्षा आहे, आणि ती अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु इंटर्नशिपच्या काळात मेहरगढविषयी वाचनात आले आणि तेव्हापासून मन दुसरीकडेच ओढ घेत आहे. बलुचिस्तानातील त्या स्थळी साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांमध्ये गारेच्या टोकाने पाडलेली छिद्रे सापडली आहेत. त्या छिद्रांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झाल्या आहेत. म्हणजे हे काम माणूस जिवंत असताना झाले आणि त्यानंतरही तो त्याच दाढेने खात राहिला. हे वाचताना जे वाटले, ते मला आजवर कोणत्याही रूट कॅनालनंतर वाटलेले नाही.

मला पदव्युत्तर स्तरावर जैवपुरातत्त्वशास्त्र, म्हणजे उत्खननात मिळालेल्या मानवी अस्थी आणि दातांचा अभ्यास, शिकायचे आहे. पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाचे एम.ए. करून अस्थींकडे वळावे, की ब्रिटनमधील एक वर्षाच्या एम.एस्सी.ला थेट जावे, याचा निर्णय होत नाही. दहावीनंतर मी इतिहासाचे पुस्तक उघडलेले नाही. त्यामुळे पहिल्या मार्गाची भीती वाटते. दुसऱ्या मार्गाचा खर्च पाहिला की त्याचीही वाटते. दंतवैद्यकाच्या पदवीचा या क्षेत्रात खरोखर उपयोग होतो का, आणि शिक्षणानंतर पोटापाण्याची सोय काय, हे या वाटेने गेलेल्यांनी स्पष्ट सांगितल्यास उपकार होतील.

घोडकाठ

मी पुण्यात याच विषयात पीएच.डी. करीत आहे, त्यामुळे माझे मत काहीसे एकतर्फी असेल, हे आधीच सांगून टाकतो.

अभ्यासक्रमांची नावे पाहताना एका गोष्टीची नोंद घ्यावी. ‘बायोआर्किऑलॉजी’ हा शब्द ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ग्रॅहम क्लार्क यांनी १९७२ मध्ये इंग्लंडमधील स्टार कार येथील प्राण्यांच्या हाडांच्या संदर्भात वापरला होता, आणि ब्रिटनमध्ये आजही त्याच्या पोटात प्राणी, वनस्पती, बिया असे सारेच येते. अमेरिकेत जेन ब्युइकस्ट्रा यांनी १९७७ मध्ये तो मानवी सांगाड्यांच्या अभ्यासापुरता वापरला आणि तिकडे तोच अर्थ रूढ झाला. त्यामुळे एखाद्या अभ्यासक्रमाचे नाव हेच असले, तरी तेथे मानवी अस्थी किती आणि जळके धान्य किती, हे विषयांची यादी वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे पदवी पुरातत्त्वाची किंवा मानवशास्त्राची मिळते आणि अस्थींचा अभ्यास त्या पोटात होतो.

डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाला प्रवेश घेण्यासाठी इतिहासाचीच पदवी हवी अशी अट नाही. माझ्या वर्गात वाणिज्य आणि भूशास्त्राचे पदवीधर होते. येथे अस्थींच्या अभ्यासाची परंपराही जुनी आहे. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि इरावती कर्वे हे दोघेही १९३९ मध्ये या संस्थेत आले आणि १९४० च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे त्यांना मध्याश्मयुगीन मानवी सांगाडे मिळाले. इरावतीबाई समाजशास्त्रज्ञ आणि लेखिका म्हणून घरोघरी माहीत आहेत. परंतु त्यांचा बर्लिनमधील प्रबंध मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर होता, आणि कवटीच्या आकारावरून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व सिद्ध करू पाहणाऱ्या त्यांच्या मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताला त्यांच्या मोजमापांतून आधार मिळाला नाही. मोजपट्टी प्रामाणिकपणे धरण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता दातांविषयी. घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन झाले, त्यात ताम्रपाषाणयुगीन वस्तीची दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची होती. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल, आणि वर घराची जमीन सारवलेली, अशी ती पद्धत. प्रौढांना खड्ड्यात उताणे निजवून बहुतेकांची पावले घोट्याखालून तोडलेली असत. एक पुरुष मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला आणि पावलांसकट सापडला. मानवी अवशेषांवरचा स्वतंत्र खंड जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याचा फार मोठा भाग दातांचा आहे. यामागे कारण आहे. दख्खनची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या ओढाताणीत हाडांचा चुरा होतो. दंतवल्क, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, मात्र टिकते. बालकाचे वय ठरवायचे तर दात किती बनले आणि किती वर आले याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. वाढीच्या वयात आजारपण किंवा उपासमार झाली, तर दंतवल्कावर आडव्या खाचा राहून जातात आणि त्या खाचेच्या जागेवरून संकट साधारण कोणत्या वयात आले हे सांगता येते. हे सारे आपण पहिल्या वर्षी शिकलेल्या आहात. आम्हाला ते दोन वर्षे घासून शिकावे लागले.

मग एम.ए. कशासाठी, असे आपण विचाराल. इनामगावची वस्ती इ.स.पूर्व १००० च्या सुमारास का खालावली याचे उत्तर मधुकर ढवळीकर यांनी कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या हाडांची वाढ मोजून तोच प्रश्न नव्याने तपासला आणि २०११ मध्ये त्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्या वादात उतरण्यासाठी कोणते मूल कोणत्या थरातले, कुंभ आरंभीच्या जोर्वे काळातला की उत्तर जोर्वे काळातला (हे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचे दोन टप्पे), हे ओळखता आले पाहिजे. ज्याला थर वाचता येत नाही त्याच्या हातातला दात हा केवळ दात असतो. शिवाय लहान मुलांच्या हाडांतून अभ्यासकाला नेहमीच एक चकवा मिळतो : आपल्यासमोर आलेली मुले ही मेलेली मुले आहेत, त्या वयात जगून गेलेली नव्हेत, त्यांच्यावरून संपूर्ण वस्तीचे आरोग्य सांगताना जीभ आवरावी लागते. अंगावर आजाराच्या खुणा उमटण्यासाठीही आजारात काही काळ तगून राहावे लागते, हे तर आपल्याला दवाखान्यात रोज दिसत असेल.

माझे मत असे की दोन वर्षे येथे घालवावीत, किमान एका हंगामात उत्खननाच्या छावणीत राहावे, आणि त्यानंतर परदेशाचा विचार करावा.

टेम्सपार

घोडकाठ यांच्या बहुतेक विवेचनाशी सहमत असूनही शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी मानवशास्त्रात बी.एस्सी. करून इंग्लंडमध्ये मानवी अस्थिशास्त्राची एम.एस्सी. केली आणि गेली काही वर्षे लंडनमध्ये व्यावसायिक पुरातत्त्वात आहे.

हे शास्त्र हाताने शिकण्याचे आहे आणि हाताला सांगाडे किती मिळतात यावर बरेच काही ठरते. भारतात दहनाची प्रथा, माती आणि हवामान यांमुळे चांगल्या अवस्थेतील सांगाडे मुळातच थोडे. जे आहेत ते नाजूक, आणि नवशिक्याच्या हाती ते देऊ नयेत हेच योग्य. येथे परिस्थिती उलट आहे. रेल्वेच्या क्रॉसरेल प्रकल्पासाठी लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाजवळची जुनी दफनभूमी खोदली गेली, तेव्हा एकाच ठिकाणी तीन हजारांहून अधिक सांगाडे निघाले आणि त्यांतील काहींच्या दातांतून १६६५ च्या प्लेगच्या जिवाणूचा डीएनए मिळाला. एका वर्षात मी जितकी कंबरेची हाडे (श्रोणी) हातात घेऊन स्त्री की पुरुष हे ठरवण्याचा सराव केला, आणि जितक्या वेळा चुकलो, तितकी संधी मला पुण्यात मिळाली नसती.

नोकरीचेही असेच आहे. येथे बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणी करवून घेण्याचा खर्च बांधकाम करणाऱ्याने उचलायचा, ही व्यवस्था १९९० पासून नियोजनाच्या धोरणात आली आणि त्यातूनच अस्थितज्ज्ञांची गरज निर्माण झाली. भारतात त्या प्रकारची बाजारपेठ नाही, हे मान्य केले पाहिजे. अर्थात येथील पगार दंतवैद्याच्या जवळपासही जात नाही. कंत्राटे मुदतीची असतात, जानेवारीच्या चिखलात गुडघ्यावर बसून काम करावे लागते आणि व्हिसासाठी लागणाऱ्या वेतनाची मर्यादा गाठताना अनेक भारतीय मित्रांना परत जावे लागले. विद्यापीठांचेही खरे नाही. शेफील्डचा नावाजलेला पुरातत्त्व विभाग बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना धक्का बसला. डरहॅम, यॉर्क, ब्रॅडफर्ड, एक्सेटर यांची नावे आपण पाहिली असतीलच. अर्ज करण्यापूर्वी तेथे शिकवणारी माणसे अजून तेथेच आहेत ना, हे अवश्य पाहावे.

खर्चाविषयी एक सूचना, जी मला कोणी वेळेवर दिली नव्हती. आपण केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीस पात्र असाल, तर तिचे नियम काळजीपूर्वक वाचावेत. २०२२ मध्ये त्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय परदेशी शिक्षणासाठी वगळण्यात आले. अर्जात ‘सिंधू संस्कृतीतील दंतरोग’ असे लिहिणे आणि ‘मानवी अस्थिशास्त्राच्या प्रयोगशालेय पद्धती’ असे लिहिणे यांत मोठा फरक पडू शकतो. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला पदवीनंतरचा कामाचा अनुभव मोजतात आणि त्यात दवाखान्यातील तासही धरता येतील.

बर्लिनच्या प्रबंधाचा विषय निघालाच आहे तर एक जोड देतो. इरावतीबाईंसमोर जमवून ठेवलेल्या कवट्यांत आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या कवट्या होत्या. त्या कोणाच्या होत्या आणि कोणाच्या परवानगीने आणल्या, हा प्रश्न आज प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात विचारला जातो. इंग्लंडमध्ये पुरलेले अवशेष हलवण्यासाठी १८५७ च्या कायद्याखाली न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि अभ्यासानंतर अनेक सांगाडे पुन्हा दफन केले जातात. या विषयावर भारतात अजून पुरेशी चर्चा होत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

एकसष्टातला एक

मी हैदराबादला प्राचीन डीएनएच्या कामाशी संबंधित आहे. माझ्या टोपणनावाचा अर्थ सांगितला की माझे म्हणणे संपेल. हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. त्या दफनभूमीतील ६१ नमुने तपासले गेले आणि त्यांतून केवळ एका स्त्रीचा जनुकीय आराखडा वाचता आला. २०१९ मध्ये जगभर गाजलेला तो शोधनिबंध त्या एका स्त्रीवर उभा आहे. उरलेले साठ नमुने हेच आमचे रोजचे जगणे. उष्ण प्रदेशात डीएनए टिकत नाही. त्यामुळे केवळ त्याच्या आकर्षणाने या क्षेत्रात येऊ नये.

उत्तराखंडातील रूपकुंड या सांगाड्यांनी भरलेल्या हिमालयातील सरोवरासारखी थंड जागा मिळाली तर गोष्ट वेगळी. तेथील ३८ व्यक्तींच्या अभ्यासातून, सगळे एकाच आपत्तीत मेले ही जुनी समजूत मोडली आणि १४ जण तर पूर्व भूमध्य प्रदेशाशी नाते सांगणारे निघाले. गोव्यातही एक अपवाद घडला. जॉर्जियाची राणी केतेवान हिचा १६२४ मध्ये शिराझ येथे छळ करून वध झाला आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्री गोव्याला घेऊन आले, अशी नोंद होती. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या भग्न चर्चमध्ये मिळालेल्या हाडाच्या मातृवंशीय (आईकडून येणाऱ्या) डीएनएने त्या नोंदीला पुष्टी दिली आणि २०२१ मध्ये ते अवशेष जॉर्जियाकडे सोपवण्यात आले. कागदपत्रे, उत्खनन आणि प्रयोगशाळा अशी तिन्ही हातात हात घालून आल्याचे हे उदाहरण आपल्या भागात दुर्मीळच.

दंतवैद्याला माझ्या मते अधिक जवळचा विषय म्हणजे समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू. हाड आयुष्यभर बदलत राहते, दंतवल्क बनल्यावर बदलत नाही. म्हणून पहिली कायमची दाढ ही बालपणीच्या अन्नपाण्याची बंद कुपीच असते. ज्वारी-बाजरी खाणारा आणि गहू, जव किंवा तांदूळ खाणारा यांतील फरक कार्बनच्या समस्थानिकांतून कळतो. स्ट्रॉन्शियमची समस्थानिके त्या त्या भागातल्या खडकाप्रमाणे बदलतात, म्हणून त्यांवरून स्थलांतर कळते, परंतु पुणे ते नाशिक सगळा एकच बेसॉल्ट असल्यामुळे त्या पट्ट्यातल्या स्थलांतरासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. विशेष म्हणजे मुलामुलींच्या हाडांवरून लिंग ठरवता येत नाही, ते आता दंतवल्कातील प्रथिनांच्या तुकड्यांवरून ठरवता येऊ लागले आहे. इनामगावच्या कुंभांतील मुले आणि मुली किती, हा प्रश्न कोणीतरी अशा रीतीने विचारला पाहिजे.

दंतकथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटचा प्रश्न मला दोन रात्री झोपू देत नाही. आणखी दोन गोष्टी विचारते. दवाखान्यातील उत्पन्न थांबल्यावर त्या दोन वर्षांत आपण कसे निभावले? आणि घरातून येणारी दुसरी अडचण मांडताना थोडा संकोच होतो. माझ्या आजीचे म्हणणे असे की अस्थी नदीत सोडायच्या असतात, त्या पेटीत घालून मोजायच्या नसतात. तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

घोडकाठ

उत्पन्नाविषयी : पुण्यात शनिवार-रविवार कोणाच्या तरी दवाखान्यात काम करणे आपल्याला शक्य आहे, आमच्यापैकी कोणालाही ती सोय नव्हती. एम.ए.नंतर नेट परीक्षा पुरातत्त्वात किंवा मानवशास्त्रात देता येते, आणि त्यातील कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.चा काळ निभावतो. कायम नोकऱ्या फार थोड्या आहेत. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, चार-दोन विद्यापीठे, एवढाच परीघ. नोंदणी मात्र चालू ठेवावी. दंतवैद्यकाची नोंदणी सोडण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

पांढरीवरचा

मी निवृत्त आहे. विद्वान नव्हे, उत्खननाच्या छावण्यांवर तंत्रसाहाय्यक म्हणून माझे आयुष्य गेले. दंतकथाताई, आपल्या आजीच्या प्रश्नाला मी पन्नास गावांत तोंड दिले आहे. गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पहिली कुदळ मारण्यापूर्वी मजूर नारळ फोडत, आणि सांगाडा दिसू लागला की बायका हात थांबवून पदर सावरत. आम्ही कधी कोणाला घाई केली नाही. एका ठिकाणी एका म्हातारबाईंनी मला विचारले, ‘याचं कोणी राहिलं नाही का?’ मी म्हटले, ‘नाही राहिलं, म्हणून तर आपण विचारपूस करतोय.’ त्यांना ते पटले की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या. आजींना पटवण्याचा प्रयत्न करू नये. बालाथलची हकीकत मात्र सांगावी. उदयपूर जिल्ह्यातील त्या गावी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस जळलेल्या शेणाच्या राखेने भरलेल्या दगडी आवारात पुरलेला मिळाला आणि त्याच्या चेहऱ्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा होत्या. त्याला लोकांनी वस्तीच्या आत जागा दिली होती, हे त्याची हाडे कोणी मोजली नसती तर आपल्याला कळले नसते.

अभ्यासक्रमाच्या वादात मी पडत नाही. मात्र छावणीवर मोठमोठ्या पदव्यांची माणसे एका गोष्टीत अडखळताना मी पाहिली आहेत. तान्ह्या मुलाच्या कुंभातली माती काढताना न उगवलेल्या दातांची टोपणे निघतात. ती डाळीच्या दाण्याएवढी असतात आणि मातीच्याच रंगाची. बारीक चाळणी नसेल, किंवा चाळणीवर बसलेल्याला ती ओळखता येत नसतील, तर ती मातीच्या ढिगावर जातात आणि मुलाचे वय कायमचे हरवते. आपल्याकडे महाविद्यालयातल्या सरावाचे काढलेले दात असतील तर एक परीक्षा घेऊन पाहावी. चाळीस दात एका थैलीत घालावेत, न पाहता बोटांनी एकेक उचलावा आणि वरचा की खालचा, डावा की उजवा, कितवा, हे लिहून मग डोळे उघडावेत. दुधाचे दात मिसळले तर उत्तम. आमच्या चाळणीवरची एक आजी, शाळेत न गेलेली, माणसाचा दात आणि शेळीचा दात अंधारात ओळखत असे.

दंतकथा

आजीला बालाथलची हकीकत सांगितली. तिने फक्त राख कसली होती हे दोनदा विचारले.

परीक्षा काल रात्री दिली. बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरले होते, त्यामुळे कायमच्या दाढांत चूक होणार नाही याची खात्री होती आणि झालीही नाही. चाळीसपैकी सहा चुकले. पाच खालचे पुढचे पटाशीचे दात, ज्यांची डावी-उजवी बाजू मला डोळे उघडूनही ठामपणे सांगता आली नाही, आणि एक दुधाची दाढ, जी मी कायमची समजले. डेक्कन कॉलेजच्या या वर्षीच्या प्रवेशाची सूचना निघेपर्यंत दुधाच्या दातांवर काम करते. घोडकाठ, खालच्या पटाशीच्या दातांची बाजू ठरवण्यासाठी आपण मुळाकडे पाहता की कडेच्या कोनाकडे?